सात नंबरच्या रंगाऱ्याचं जेवण

"सात नंबरचं ताट आजही तसंच परत आलं बघा," गाडी ढकलत आलेली वॉर्डबाई म्हणाली, आणि अक्कांनी हातातला झारा खाली ठेवला.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात अक्कांना सव्वीस वर्षं झाली होती. परत आलेली ताटं धुवायला टाकण्याआधी त्या निरखून बघत. कुणी नुसतं चिवडलं, कुणी कडेकडेनं खाल्लं, कुणी वाटी बोटानं पुसून घेतली. डॉक्टर नाडी बघतात आणि अक्का ताट, असं तिथं गमतीनं म्हणत. सात नंबरच्या वाटीतल्या मळकट लगद्यावर सलग तिसऱ्या दिवशी चमच्याची रेघसुद्धा उमटली नव्हती.

त्या खाटेवर एक रंगारी होता. चाळीस वर्षं परांचीवर उभं राहून लोकांची घरं रंगवलेला माणूस. पक्षाघातानं उजवा हात लुळा पडला, गिळताना ठसका लागू लागला, म्हणून त्याचं सगळं जेवण एकत्र वाटून जायचं. तेही खाईना, तेव्हा उद्या सकाळी नाकातून नळी घालायचं ठरलं होतं.

अक्का एप्रनला हात पुसत वर गेल्या. उशाशी लेक बसली होती, रडून रडून डोळे सुजलेली.

"काय दादा, माझ्या हाताला चव नाही होय?"

रंगाऱ्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. जड जिभेनं एकेक शब्द ओढत तो म्हणाला, "लांबी... आहे... ती."

अक्कांना काही कळेना. लेक ओशाळली. "रंग देण्याआधी भिंतीची भोकं बुजवतात ना, ती लांबी. बाबा म्हणतात, जन्मभर भिंतीत भरली, आता माझ्यात भरताय."

अक्कांना हसूच फुटलं. मग त्यांनी वाटी उचलून उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. माणूस खोटं बोलत नव्हता. भोपळा, वाटाणा, बीट यांपैकी एकाचीही ओळख राहिली नव्हती.

खाली येऊन त्यांनी मिक्सरचं भांडं तीनदा धुतलं आणि तिन्ही भाज्या वेगवेगळ्या वाटल्या. आहार ठरवणाऱ्या मॅडम बघतच राहिल्या. "अहो अक्का, पोटात गेल्यावर सगळं एकच!"

"पोटात गेलं तर ना, मॅडम."

"आणि पातळ झालं म्हणजे? श्वासनलिकेत उतरेल."

अक्कांनी चमचा भरला आणि मॅडमच्या डोळ्यांसमोर उलटा धरला. एक थेंब पडला नाही.

"बरं, आजच्या दिवस द्या," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर उद्या नळी आहेच."

अक्का स्वतःच ताट घेऊन गेल्या. पिवळा, हिरवा, गडद लाल असे तीन गोळे, एकमेकांना न शिवलेले. रंगारी कितीतरी वेळ बघत राहिला. लेकीनं चमचा भरला, तर त्यानं डाव्या हातानं तो काढून घेतला.

पहिला घास छातीवर सांडला. लेक पुसायला धावली, पण अक्कांनी तिचं मनगट धरलं. दुसरा घास ओठांपाशी थरथरला, आत गेला. घशाची घाटी हळूच वर जाऊन खाली आली. ठसका लागला नाही.

"हिरवा..." रंगारी म्हणाला, "...चांगला लागलाय."

रंगाबद्दल म्हणाला की चवीबद्दल, कुणी विचारलं नाही.

पुढच्या घासाला हनुवटी माखली, तशी त्यानं मान खाली घातली. कुणी बघतंय याची त्याला लाज वाटतेय, हे अक्कांच्या ध्यानात आलं. "चल गं, जरा खिडकीत उभ्या राहू," त्या लेकीला म्हणाल्या. दोघी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, कान तेवढे मागे ठेवून.

नळीसाठी लेकीची सही घ्यायचा कागद घेऊन मॅडम दारात आल्या. आतलं बघून त्या थांबल्या. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात टाकली आणि त्यांनीही हलकेच पाठ फिरवली.