कडेचं घर

"आई, आपल्या गल्लीत म्हणे माणसंच राहत नाहीत," धाकटा फोनवर म्हणाला.

"मग मी काय भूत आहे? कोण म्हणालं असं?"

"आमचं मशीन."

आई खो खो हसली. धाकट्याला मात्र हसू येईना. नगररचनेच्या कार्यालयात विमानातून काढलेल्या फोटोंवर डोळे फोडण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. वस्ती कुठे आणि गोदाम कुठे, हे आता मशीन ठरवी. कापड बोटांनी चाचपावं तसं ते फोटोचा पोत चाचपे. टाक्या, वाळत घातलेले कपडे, अर्धवट भिंती यांनी वस्ती खरखरीत लागे. गोदामाचं छप्पर लांबलचक आणि गुळगुळीत. वादळानंतर आईच्या गल्लीने गळक्या पत्र्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या ताडपत्र्या ताणल्या होत्या. झालं! मशीनने अख्खी गल्ली गोदामात काढली. तिथून रुंद रस्ता जाणार होता. घरवाल्यांना बदली घर मिळणार होतं, गोदामवाल्यांना नुसती नोटीस.

तो कार्यालयातल्या मोठ्या बाईंकडे गेला. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण नियम म्हणजे नियम.

"मशीनने नकाशावर दिलेला रंग हाताने बदलायचा नाही. आज तुमच्या आईचं घर बदललं, तर उद्या सगळ्या शहराच्या आया माझ्या दारात. सोमवारी विमान पुन्हा उडतंय. त्यात दिसेल ते खरं."

धाकट्याने लगेच आईला फोन लावला. "ताडपत्र्या उतरवा. घरात असेल नसेल ते छपरावर चढवा."

"विमानाला काय संसार दाखवायचा?" शेजारीण फिदीफिदी हसली. पण आईने एकदा पदर खोचला की कोणाची टाप होती! सोमवारी बादल्या, खुर्च्या, गाद्या, मोडका पाळणासुद्धा वर गेला. विमान गेलं आणि दुपारी पावसाने सगळ्यांची अंथरुणं भिजवली. त्यावरून आईने शिव्याही खाल्ल्या.

नवा फोटो आला. धाकट्याने मशीन चालवलं. एकेक घर वस्तीच्या पिवळ्या रंगात उजळत गेलं, तसा त्याचा जीव भांड्यात पडत गेला. शेवटचं घर गोदामाच्या करड्या रंगातच राहिलं.

ते आईचं होतं, खऱ्या गोदामाच्या भिंतीला टेकलेलं. मशीन एकट्या घराकडे बघत नाही, भोवतालचा चौकोन बघतं. आणि त्या चौकोनात गोदामाचं गुळगुळीत छप्परच जास्त होतं. कडेला मशीन फसतं, हे तो नव्या पोरांना शिकवत असे. घाईत त्यालाच ते सुचलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं त्याला वाटलं.

"कडेचं एखादं घर जातंच हो," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्याने फोटो मोठा केला. दारात एक ठिपका होता, आणि त्याची लांब सावली हात वर करून उभी होती.

तेवढ्यात आईचाच फोन आला. "मी विमानाला हात केला होता. दिसले का रे?"

"दिसलीस."

"आणि गल्ली?"

"गल्ली वाचली, आई."

"आणि आपलं घर?"

धाकट्याने नाक ओढलं.

"बरं," ती म्हणाली. "रडू नकोस. जेवून घे."

मग फोन न ठेवताच तिने खणखणीत आवाजात शेजारणीला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? झालं तुमचं काम!"