रबरी आत्याबाई आणि उघडी सुई

मी एक जुना रबरी हात आहे. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत अख्खा. पुढे धड नाही, डोकं नाही. तरी अक्कल पुष्कळांपेक्षा जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते. हात असून बाईसारखी बोलते म्हणून हसू नका, मित्रांनो. अलिबागजवळच्या नर्सिंगच्या शाळेत मुलींनी पहिल्याच दिवशी माझं नाव आत्याबाई ठेवलं. तेव्हापासून मी बाईमाणूस.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात रबर ओतलं, आत स्पंज भरला, वर माणसाच्या कातडीचा म्हणून रंग दिला. तो कुठल्या माणसाचा, देव जाणे! आमच्या किनाऱ्यावर एवढं गुलाबी कोणी नाही. खोक्यातून बाहेर आले, तर केसर नावाची दांडगी मुलगी सुई घेऊन अशी धावून आली, जणू नारळच सोलायचा आहे.

"अगं केसर, हात आहे तो!" शिकवणाऱ्या नेत्रा मॅडम ओरडल्या.

पुढे किती मुली आल्या, शिकल्या, गेल्या. मला अक्षर वाचता येत नाही, पण धडा ऐकून ऐकून पाठ. हात धुवा. बाटलीवरचं नाव वाचा. खांद्याच्या हाडाखाली बोटांनी जागा मोजा. स्पिरिटचा बोळा मधून बाहेर फिरवा आणि वाळू द्या. कोणी वाळवायला फुंकर घातली की मॅडम म्हणत, "ती माया घरी भावाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर कर. तोंडातले जंतू इथे नकोत." मुली माझ्यात नुसतं पाणी टोचायच्या. दुपारपर्यंत ते गळू लागे, मग म्हणत, "आत्याबाईंना घाम आला गं, पुसा कोणीतरी." मान होता मला तेव्हा!

त्यातच किशोरी आली. पेणकडच्या खाडीकाठची, भातशेतीच्या घरातली. टोचण्याआधी ती मला विचारायची, "आत्याबाई, टोचू ना? हात सैल सोडा हं." बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. मी रबराची, पण मला भरून यायचं. तिचा हात हलका होता. सुई आत कधी गेली, बाहेर कधी आली, कळायचंही नाही.

खोड एकच. टोचून झालं की डाव्या हातात टोपण आणि उजव्या हातात सुई. लगेच झाकायला बघायची.

"किशोरी, टोपण नाही! सुई थेट पांढऱ्या डब्यात!" मॅडम वापरलेल्या सुयांच्या डब्याकडे बोट दाखवून रोज ओरडायच्या. पोरगी जीभ चावायची आणि उद्या पुन्हा तेच. वर्षाच्या परीक्षेत तर टोपण लावता लावता सुई बोटात गेली. रक्ताचा थेंब माझ्यावर पडला. सुईत माझं पाणीच होतं, म्हणून निभावलं. आजाऱ्याची सुई असती तर? त्याच्या रक्तातला रोग हिच्या अंगात आला असता. मॅडमनी तिला नापास केलं. बरोबरच केलं. पण बापाने निरोप धाडला, फेरपरीक्षेतही नापास झालीस तर गाशा गुंडाळ आणि घरी ये.

त्या आठवड्यात तिची गोदू आजी आली. काखेत सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची पिशवी, नाकात नथ, आणि जिभेला धार. मला तर माझीच बहीण भेटल्यासारखं झालं.

"मास्तरीनबाई, माझ्या नातीनं चोरी केली काय?"

"नाही हो आजी. टोचून झालं की सुईला टोपण लावते."

"मंग? बरंच हाय की! आमच्या घरात उघडं काय ठेवत न्हाय. मांजरं टपलेली असतात. मीच शिकवलंय तिला."

"लावताना सुई बोटात जाते, आजी. आजाऱ्याचं रक्त असतं तिला."

आजी पुढे सरकली. सुईकडे बघितलं, नातीच्या बोटाकडे बघितलं.

"काय गो किशोरे, विळीवर मासली कापून उठताना काय करतेस?"

"आडवी करते."

"तिच्या पात्याला झाकण घालतेस?"

"आजी, कायपण काय! हात कापेल ना!"

"मंग ही सुई काय तुझं कालवणाचं पातेलं हाय? हीपन विळीच. काम झालं की हातातनं सोडायची."

नेत्रा मॅडम हसल्या. "आजी, हे मला आधी सुचायला हवं होतं."

"तुमी विळीवर कवा बसता!" आजी म्हणाली, आणि सोड्यांची पिशवी त्यांच्याच हातात दिली.

फेरपरीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई समोर बसल्या. किशोरीने पांढरा डबा आधी हाताशी ओढून घेतला. "आत्याबाई, टोचू ना?" सुई सरळ आत, सरळ बाहेर. मग तिचा डावा हात टोपणाकडे निघाला. माझा जीव स्पंजात गोळा झाला. हात अर्ध्यावर थांबला. तिचे ओठ हलले, "विळी." आणि सुई टप्पकन डब्यात पडली. मॅडमनी तोंड फिरवून डोळे टिपले. मला टिपता आले नाहीत, कारण मला डोळेच नाहीत.

आता शाळेत नवा हात आलाय. चुकलं की पीं पीं वाजतो. मला कपाटावर टाकलं, अंगावर धूळ, बोटात कोळ्याचं जाळं. परवा किशोरी आली होती. बोर्ली पंचतनच्या दवाखान्यात सिस्टर आहे ती. मला बघून म्हणाली, "अगं बाई, आत्याबाईंना असं उघडं कोणी ठेवलं?" तिने मला पुसलं, पिशवीतून गोदू आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि खांद्यापासून बोटांपर्यंत झाकलं.

मित्रांनो, इंजेक्शन घेताना रडायचं तर रडा, पण हात हिसडू नका. सुई नव्या पाकिटातून निघाली का, आणि काम झाल्यावर थेट डब्यात गेली का, ते डोळे उघडे ठेवून बघा. सुई सोडून द्यायची असते. ज्यांनी तुमच्यासाठी टोचून घेतलं, त्यांना मात्र झाकून, पुसून, जपून ठेवा. लुगड्याला अजून सोड्यांचा वास येतो. येऊ दे. मला ऊब आहे.