पाळ म्हणायचं राहिलं

पुण्याच्या संस्थेत मी बारा वर्षं पावसाचे आकडे चिवडले. मग एकोडीपलीकडच्या आमच्या गावाचा आपत्ती-आराखडा करायला आले, तेव्हा अंगात ताठा होताच. गाव उंचावर, बाजूला जुना तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे मातीच्या बुटक्या बांधांनी घेरलेली भातखाचरं. तलाव फुटायच्या आत शेतातल्या माणसांना घरी पाठवायचं, एवढंच माझं काम. त्यासाठी फोनवर जाणारा इशारा मीच लिहिला: ‘बांध फुटण्याचा धोका. तत्काळ दक्षता घ्यावी.’

अंगणवाडीच्या कौशल्याताईंनी तो वाचून मान हलवली. “म्याडम, आपल्या इकडे तलावाची पाळ असते. बांध म्हंजे बांधीचा.”

“मेसेज चार जिल्ह्यांत जाणार आहे, ताई. तिथे बोली चालत नाही.”

मी त्याच पाळीवर खेळून मोठी झालेली! शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात; मी पडले दीडशहाणी.

ऑगस्टमध्ये, धानाची रोवणी नुकती उरकलेली, तीन दिवस पावसाने झोडपून काढलं. शेतात कुणीच नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी एकला इशारा गेला आणि दीडला तलाव फुटला. संस्थेतल्या मनीषचा फोन आला, “अंदाज अगदी अचूक. अभिनंदन!” तोवर मी साकोलीच्या कचेरीतून गावात पोचले होते आणि गुडघाभर गाळात बाबांना शोधत होते. ते संध्याकाळी सापडले. फावडं थोडं पुढे पडलं होतं. आपल्या बांधीचा बांध सावरायला गेले होते.

तेरवी झाल्यावर मी आईला सगळं सांगून टाकलं. शब्द माझा होता, कौशल्याताईंनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. मला वाटलं, ही मला घराबाहेर काढेल. काढायला हवं होतं.

आई तांदूळ निवडत होती. ती थांबली नाही.

“मेसेज तं गावात सगळ्याइलेच आला होता. शेजारचा विनोद म्हणे, सरकारी हाय, असे येतच राहतेत. कोणीच उठलं नाही. मी तुया बाबाले म्हटलं, एवढ्या पावसात कायले जाता? तं म्हणाले, आपल्या तेजूनं धाडला हाय. ते बांध फुटन म्हणते, तं फुटनच.”