शिट्टीशिवाय थांबायचं नाही

शिट्टी वाजली आणि मी जागच्या जागी थांबले.

"चाल आता, दोन मिनिटं," सासूबाई बाकावरून ओरडल्या. "बसायचं नाही."

"आई, अजून थोडं धावले असते की."

"कागदावर किती लिहिलंय? तीन मिनिटं. मग तीनच."

कागद म्हणजे फिजिओथेरपिस्टबाईंनी दिलेला तक्ता. इतकं धावा, इतकं चाला. सासूबाई चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, त्यामुळे लिहून दिलेल्या कागदापुढे त्या कुणाचं ऐकत नाहीत. माझं मनगटावरचं घड्याळ त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतलं. पेशंटने स्वतःची नाडी मोजायची नसते म्हणे. तेव्हापासून रोज सकाळी आमची वरात मैदानावर येते. सासूबाई, बाबागाडीत सात महिन्यांची लेक, आणि मागून मी.

मी घरोघर टपाल वाटते. पोस्टात मला सगळे 'तार' म्हणतात, अंगाने तशी आणि पोचायचेही तशीच. शाळेपासून धावत आले. बाळंतपणानंतर आरशात बघितलं तर तारेचं पार्सल झालेलं. त्याचं हसूच आलं. रडू आलं ते नंतर. लेक चार महिन्यांची असताना कुणाला न सांगता बूट चढवून निघाले आणि दुसऱ्याच वळणावर, औषधाच्या दुकानासमोर, पँट ओली झाली. दुकानदार रोजच्या ओळखीचा. तो बिचारा शहाण्यासारखा दुसरीकडे बघायला लागला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन बूट माळ्यावर फेकले, ओली पँट दाराबाहेर टाकली आणि न्हाणीघरात बसून पोटभर रडले.

सासूबाईंनी ती पँट मुकाट्याने धुतली, वाळत घातली, मग दार वाजवलं. "खालचे स्नायू ढिले पडलेत. प्लास्टर काढल्या काढल्या कुणी त्या हाताने गोणी उचलतं का? ऊठ. फिजिओथेरपिस्टबाईंकडे नंबर लावलाय."

त्याला तीन महिने झाले. व्यायाम झाले, चालणं झालं, मग एक मिनिट, दोन मिनिटं, आता तीन. मी मनाशी ठरवलं होतं, दहा मिनिटं न थांबता धावता आलं तर आपण धावणारी. नाही तर एके काळी धावायची, एवढंच. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दोन मिनिटं संपली. "हं, पळ," सासूबाई म्हणाल्या आणि मी निघाले.

पहिली फेरी नेहमीसारखी गेली. बाकाजवळून जाताना सासूबाई बाबागाडीवर वाकलेल्या होत्या. दुसऱ्या फेरीतही वाकलेल्याच. आज तीन मिनिटं फारच लांबली असं वाटलं, पण शिट्टी काही वाजली नव्हती. आमच्या शाळेतल्या सरांचा एकच नियम होता, शिट्टीशिवाय थांबायचं नाही. जी थांबेल तिने दुसऱ्या दिवशी मैदानावर यायचं नाही. तो नियम माझ्या पायांत इतका मुरलाय की थांबायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या फेरीत बरगडीखाली कळ आली. चौथीत ती गेली आणि श्वास आपोआप पायांच्या तालात बसला. हा श्वास मी ओळखत होते. वर्षभर तो कुठे गेला होता कोण जाणे. वळणावर थोडं ओलं झाल्यासारखं वाटलं. झालं तर झालं, मी म्हटलं, आणि पळत राहिले. शेजारून चालणारे आजोबा माझ्याकडे वळून बघत होते, कारण मी एकटीच हसत होते.

पाचव्या फेरीत शिट्टी इतक्या जोरात वाजली की आजोबाही थांबले.

"थांब, थांब गं!" सासूबाई घड्याळ हातात धरून धावत आल्या. "चौदा मिनिटं झाली! हिने शिट्टी ओढून तोंडात घातली, तर टक् वाजलं. बघते तर दात. खालचा. मी दातच बघत बसले आणि..." त्यांनी कपाळाला हात लावला. "चौतीस वर्षांत एकाही औषधाची वेळ चुकवली नाही मी."

मी धापा टाकत होते. "चौदा?"

"चौदा. दुखतंय का कुठे? ओलं झालं?"

"थोडंसं."

"होईल अजून काही दिवस." त्यांनी माझी नाडी धरली, ओठ हलवत मोजली, हात सोडला. "चांगली आहे," म्हणाल्या, आणि मला एकदम भरून आलं.

लेक भुकेने कुरकुरायला लागली. तिला घेऊन मी बाकावर बसले, सासूबाई टॉवेलचा आडोसा धरून समोर उभ्या राहिल्या.

"मी पोहायचे," त्या अचानक म्हणाल्या. "नदी आरपार. तुझा नवरा झाला आणि सुटलं."

लग्नाच्या सहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "मग पुन्हा जमलं नाही?"

"जमायला काय झालं होतं? बाळाला घेऊन काठावर बसायला कुणी नव्हतं."

सासूबाईंनी टॉवेल थोडा वर धरला आणि मान वळवून मैदानाकडे बघत राहिल्या. लेकीचं पिऊन होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.