चोरकप्प्याची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. होटगीच्या गुरुबसप्पांच्या घरात उभा असतो. माझ्या पोटात बंदूक आहे, म्हणून माझा कोणावरही विश्वास नाही. पुढून मांजर गेलं तरी मनात येतं, हे आत्ताच इकडे का आलं?

माझा जन्म सोलापूरच्या एका कारखान्यात झाला. जाड पत्रा, भक्कम कुलूप, आणि आत वरच्या बाजूला एक चोरकप्पा. हे नाव मला मुळीच आवडलं नाही. राखणदाराच्या पोटात चोर?

१९७१ साली गुरुबसप्पा दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात जोंधळ्याचं धाट होतं. आरशाची, रंगीत कपाटं दुकानदार दाखवत होता, आणि हे प्रत्येकात धाट उभं करून बघत होते. मला वाटलं, माणूस वेडा तरी आहे, नाहीतर लबाड. नंतर कळलं, ते धाट बंदुकीच्या मापाने तोडून आणलं होतं. रानडुकरांपासून भुईमूग राखायला त्यांना परवाना मिळाला होता, आणि बंदूक तोवर खुंटीला टांगलेली असे. ते धाट फक्त माझ्यात सरळ उभं राहिलं. मग मी बैलगाडीतून होटगीला आलो.

फौजदारांनी बजावलं होतं, "बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात." गुरुबसप्पांनी तसंच केलं. रिकामी बंदूक खाली, काडतुसं चोरकप्प्यात. दोन्ही किल्ल्या मात्र एकाच कडीत ओवून देवघराजवळच्या खिळ्याला अडकवल्या! घरात भक्कम कपाट एकच, म्हणून त्यांच्या पत्नी काशम्मांनी पापडाचे डबे माझ्यात सारले. सून दाक्षायणीने आपला शालू ठेवला. दिवसातून चार वेळा माझं दार उघडायचं. दाक्षायणीवर तर माझी खास नजर होती. ती फार हळू उघडायची आणि फार वेळ आत बघत राहायची.

१९७४च्या उन्हाळ्यात एका दुपारी शेताकडून आरडाओरडा ऐकू आला. गुरुबसप्पांच्या धाकट्या भावाने, शिवप्पाने, बांधावरची बाभळ न विचारता तोडली होती.

"आज शिवप्पाला सोडत न्हाय! कुटं हाय माझी बंदूक?" गुरुबसप्पांचा आवाज घराकडे येत होता.

तेवढ्यात दाक्षायणी धावत आत आली. मागे वळून पाहिलं, मला उघडलं, चोरकप्पा उघडला आणि सगळी काडतुसं ओच्यात घेतली. किल्ल्या पुन्हा खिळ्याला अडकवून ती दिसेनाशी झाली. शेवटी चोर सापडलाच! पण मला ओरडता येईना. बिजागरी करकरली तेवढीच.

लगेच गुरुबसप्पा आले. धन्याच्या हातात किल्ली पाहून मी निश्चिंत झालो. त्यांनी बंदूक ओढली, तसा शालू खाली पडला. मग चोरकप्प्यात हात घातला, तर तो रिकामा.

"काडतुसं कुटं हायत?"

"माझ्याकडं हायत," दाक्षायणी दारातून म्हणाली.

"आण हिकडं!"

"न्हाय देणार, मामा. बाभळ परत उगवंल. धाकटं मामा परत उगवत्यात व्हय?"

ती दारातून हलली नाही. गुरुबसप्पा उंबऱ्यावर बसले. काशम्मांनी त्यांच्या हातातली बंदूक काढून घेतली आणि माझ्यात ठेवली. मला फार लाज वाटली. जिला मी चोर ठरवलं तिने घर वाचवलं, आणि ज्यांना पाहून मी करकरलोही नाही, ते जीव घ्यायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी पापड, शालू बाहेर गेले. मला बोल्टने भिंतीला आवळलं. गुरुबसप्पांनी कडीतून चोरकप्प्याची किल्ली काढून सुनेच्या हातात ठेवली. "मी मागितली की आदी इचार, कशाला म्हून." भावांचं बोलणं सुरू व्हायला मात्र पुढची पेरणी उजाडली.

मित्रांनो, माझा स्वभाव काही सुधारलेला नाही. फक्त आता माझा संशय आधी किल्लीवाल्यावर जातो. तुमच्या घरी असं कपाट असेल तर त्याला तुम्ही हात लावू नका. पण मोठ्यांना जरूर विचारा, दोन्ही किल्ल्या एकाच खिशात तर नाहीत ना?

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. एका सकाळी गुरुबसप्पा सुनेपुढे येऊन उभे राहिले.

"कशाला?" तिने विचारलं.

"भुईमुगात डुकरं शिरल्यात, पोरी," गावात ज्यांना कोणी प्रश्न विचारत नसे ते गुरुबसप्पा मान खाली घालून म्हणाले.

तिने त्यांना मान वर करायला लावली, डोळ्यांत नीट पाहिलं, आणि मगच किल्ली दिली.