निळं कोकरू

गुड फ्रायडेला तायना बेलो होरिझोंतेहून सासरी, ओरू प्रेतोला आली, ती लेकीच्या दम्याचा पंप पर्समध्ये अगदी वर ठेवूनच. चार वर्षांची लुझिया ईस्टरच्या मिरवणुकीत देवदूत होणार होती. आजीने, म्हणजे दोना झुल्मिराने, पंख शिवून खुंटीला टांगलेसुद्धा होते. त्या घरातलं प्रत्येक पोर एकदा तरी देवदूत झालेलं.

तायनाला धास्ती होती ती भुशाची. मिरवणुकीच्या वाटेवर प्रत्येक गल्ली रंगीत लाकडी भुशाचा गालिचा घालते. पावलं पडायला लागली की तो भुसा उडतो, आणि लुझियाची छाती लगेच भरून येते.

"मी नाही पाठवणार तिला," तिने सांगून टाकलं.

"बरं," सासू म्हणाली आणि भुशाची पोती ओढत परसात गेली. ते नुसतं 'बरं' तायनाला दिवसभर खुपत राहिलं.

परसात सोन्याच्या जुन्या खाणीचं तोंड होतं. सोनं केव्हाच संपलेलं. आता आत चीज आणि बटाटे असत, आणि भिंती बारा महिने पाझरत.

ईस्टरच्या सकाळी गल्लीत हशा पिकला होता. दोना झुल्मिराच्या वाट्याचा भुसा चिंब ओला होता. गालिच्यावर काढलेल्या आभाळाचा निळा रंग फुटून पांढऱ्या कोकरात उतरला होता.

"झुल्मिरा, हे कोकरू की गारठलेला बोका?" शेजारच्या अनेझिओने विचारलं.

"तुझ्या गेल्या वर्षीच्या कबुतरापेक्षा बरंय. लोक कोंबडी समजले होते."

"पण खाणीत कशाला ठेवायची पोती? सगळे कोरडी जागा शोधतात."

"दमट भुसा उडत नाही. पोरीच्या छातीला बरा. खाणीने जरा जास्तच पाजलं, एवढंच."

तायनाने वाकून चिमूटभर भुसा उचलला आणि फुंकला. तो बोटांनाच चिकटून राहिला. तिने घरात जाऊन खुंटीवरचे पंख काढले.

लुझिया पंख सावरत निळ्या कोकरावरून चालत गेली. तायना कडेकडेने, पंप मुठीत धरून, तिचा श्वास ऐकत. खोकला आला नाही. गल्ली संपली तिथे पुढचा गालिचा कोरडा होता. पहिली पावलं पडताच पिवळा धुरळा उठला. तायनाने लेकीला पंखांसकट उचलून घेतलं आणि सासूकडे पाहिलं. आता चार शब्द ऐकावे लागणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

दोना झुल्मिराने नातीच्या बुटांचा निळा चिखल रुमालाने पुसला.

"आपल्या गल्लीपुरती झाली की देवदूत. चला, मक्याचा केक निवेल," ती म्हणाली. दोन पावलं गेल्यावर मागे वळून म्हणाली, "पुढच्या वर्षी खाण नको, भुशावर पाणी तू मार. मला अंदाज नाही येत."