फिरकीच्या तांब्यातला ज्वालामुखी

मित्रांनो, मी एक जुना, पितळेचा फिरकीचा तांब्या आहे. पुण्याच्या तांबट आळीत माझा जन्म झाला. ठोक्याठोक्याने पोट आलं, पोटावर गळा आला, गळ्यात आटे पडले. फिरवून घट्ट झाकण लावलं की थेंब सांडत नसे. पद्माकर आजोबांनी मला प्रत्येक प्रवासाला नेलं. माझं पाणी पिऊन लोक म्हणत, "वा, काय गार आहे!"

२००७ साली आजोबा मला घेऊन लेकाकडे जर्मनीला, त्सुफेनहाउझेनला आले. तिथे सगळ्यांकडे प्लास्टिकच्या बाटल्या. "बाबा, हे ओझं कशाला आणलंत?" असं म्हणत सूनबाई कुंदाने मला केलरमध्ये, म्हणजे तळघरात, गाडीच्या जुन्या टायरांशेजारी ठेवलं. मी काळवंडलो.

वर आजोबाही गप्प होत चालले होते. सात वर्षांच्या ईश्वरीला मराठी सगळं कळे, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. रविवारी आजोबा परत जाणार होते. नातीच्या तोंडून आपल्या भाषेतला एक शब्द ऐकावा, एवढीच त्यांची आस होती.

शनिवारी ज्वालामुखी बघायला म्हणून सगळे लाखर तळ्याकडे निघाले. आजोबांनी मला चिंचेने घासून बरोबर घेतलं.

"वो इस्ट डेअर वुल्कान?" ज्वालामुखी कुठाय, ईश्वरीने रुसून विचारलं. समोर निळंशार पाणी, काठावर बदकं.

"अगं, हेच त्याचं तोंड. ते बुडबुडे बघ. झोपेत श्वास घेतोय तो."

"नाइन!" नाहीच, म्हणत तिने पाठ फिरवली.

पुढे एका झऱ्यावर आंबूस, फसफसणारं पाणी होतं. आजोबांनी मला काठोकाठ भरलं.

"बाबा, गॅस आहे त्यात," लेक यशोधन म्हणाला.

"अरे, तुझ्याहून जुनं झाकण आहे हे. काही होत नाही!"

मग उन्हातून चालणं, पिशवीत हिंदकळणं. माझ्या पोटात धरणीचा श्वास दाटला. बाकावर बसल्यावर ईश्वरीला तहान लागली. झाकण हलेना. आजोबांनी माझं पोट धरलं, तिने चिमुकल्या हातांनी फिरकी पिळली.

फुस्स! आजोबांचा चष्मा, मिशा, सदरा, सगळं भिजलं.

"आजोबा! ज्वालामुखी!" ईश्वरी किंचाळली. "परत करा ना! परत!"

कुंदाने तोंडावर हात धरला. आजोबांनी चष्मा पुसलाच नाही. ओल्या काचांआड काय होतं, ते मलाच जवळून दिसलं.

रविवारी ते मला न घेताच गेले. आता मी ईश्वरीच्या खिडकीत असतो. ती मला चिंचेने घासते. फोन आला की माझ्यात सोड्याचं पाणी भरते, हलवते आणि म्हणते, "आजोबा, ऐका हं!" मी मनापासून फुसफुसतो.

त्या झोपाळू डोंगराचे आणि त्या लहान हातांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं भांडं अंधारात पडलं असेल. त्याला उजेडात आणा, घासा. आणि झाकण घट्ट बसलं असेल, तर एकट्याने झटू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारा.